सात नंबरची पेशी

वसू,

निकाल मंगळवारी आला. तुझ्या तेराव्यानंतरचा सहावा दिवस, दुपारी साडेतीन. मोजलेल्या पेशी तीन हजार एकशे चाळीस. हजर तिघं: तुझ्या प्रयोगशाळेच्या डॉक्टर मॅडम, दशरथ आणि मी. मी खरं तर प्रयोगशाळेत तुझं सामान आणायला गेलो होतो. डबा, शाल, चष्म्याचं जुनं घर, एवढंच होतं. दशरथ स्वतःचा निकाल घ्यायला आला होता. मी उठायला लागलो तसा तोच मॅडमना म्हणाला, "दाजींना बसू द्या. त्यांच्यापासून लपवायचं काय नाय."

आकडा लगेच सांगत नाही. "आधी कसं मोजलं ते सांगा, मग किती ते," हे तू मला सव्वीस वर्षं ऐकवलंस. मी कारखान्यातल्या तपासणी खात्यातला माणूस, मला आधी आकडा लागतो. या वेळी तुझ्या क्रमाने जातो.

लग्न ठरवताना मला 'मुलगी रक्त तपासते' एवढंच कळलं होतं. आई शेजारणींना सांगायची, सूनबाई साखर बघते. वर्षभर मीही तेच धरून चाललो. मग एका रविवारी तू कणीक मळत होतीस आणि मी विचारलं, नेमकं काय शोधतेस? तू कणकेच्या दोन वळ्या केल्यास, बोटाएवढ्या. दोन्हींना मध्ये चिमटा काढलास. "हे गुणसूत्र. प्रत्येकाला एक कंबर. आपल्या पेशीत अशी शेहेचाळीस." मग दोन्ही वळ्या कंबरेपासून जरा दूर तोडल्यास. "किरण लागले की तुटतात. पेशी जोडायला जाते आणि कधी कधी चुकीची टोकं जोडते." कंबर असलेले दोन तुकडे एकमेकांना चिकटवलेस, उरलेली दोन टोकं एकमेकांना. "ही झाली दोन कंबरांची. आणि हा बिनकंबरेचा तुकडा. हजार पेशींत अशी दोन कंबरांची किती निघाली, त्यावरून माणसाला किती किरण लागले ते सांगायचं."

मी ओट्यावरचे नग मोजले. दोन होते, दोनच राहिले होते. "म्हणजे मोजणी शेहेचाळीसच भरली पाहिजे," मी म्हणालो. "दोन गुणसूत्रं नुसती एकमेकांवर पडलेली असतील तर तुकडा सापडणार नाही, आणि पंचेचाळीसच भरतील." तू वळून माझ्याकडे बघितलंस. "हे आमच्याकडे नवीन आलेल्या मुलींना महिनाभर कळत नाही," म्हणालीस. माझं तू तोंडावर केलेलं एवढं कौतुक मला दुसरं आठवत नाही. त्या दिवशीच्या पोळ्या मात्र वातड झाल्या.

त्या काळात तू दुर्बिणीला डोळे लावून बसायचीस. डाव्या हातात बटण दाबून मोजायचं ते छोटं यंत्र. पाचशे पेशी मोजायला अडीच दिवस. संध्याकाळी मी स्कूटर घेऊन यायचो आणि तू बाहेर आलीस की काही वेळ माझ्याशी बोलायचीच नाहीस. रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाकडे बघत उभी राहायचीस, कारण दिवसभर जवळचं बघून डोळे लांबचं धरायला तयार नसायचे. मी स्कूटर चालू ठेवून पेट्रोलचा हिशोब करत असायचो. हे मी तुला कधी सांगितलं नाही, पण ती पाच मिनिटं मला आवडायची. झाडाकडे बघणारी बायको फक्त माझ्याकडे होती.

मग क्लाऊड आला. तू मला समजावलंस तेव्हा मी म्हणालो होतो, दुसऱ्याचा संगणक भाड्याने घ्यायचा एवढंच ना. "एवढंच," तू म्हणालीस, "पण किती ते बघा." दुर्बिणीवरचा कॅमेरा स्लाइडचे फोटो काढणार, फोटो इंटरनेटवरून जाणार, तिकडे शंभर संगणक एकाच वेळी त्यात दोन कंबरांची गुणसूत्रं शोधणार. अडीच दिवसांचं काम पाऊण तासात. मला वाटलं होतं तू चिडशील. आमच्या खात्यात मोजमापाचं स्वयंचलित यंत्र आलं तेव्हा मी आठवडाभर कुणाशी धड बोललो नव्हतो. तू उलट खूश होतीस. "उद्या कुठे काही झालं आणि हजार माणसं रक्त द्यायला रांगेत उभी राहिली, तर माझे दोन डोळे कुठे पुरणार? तेव्हा शंभर संगणक आणायचे, काम झालं की परत. लग्नाला मांडव आणतो तसं. मांडव कुणी वर्षभर दारात ठेवतं का?"

एकच गोष्ट तू सोडली नाहीस. संगणकाने खूण केलेली प्रत्येक पेशी माणसाने डोळ्यांनी बघायचीच. तो संशय सांगतो, म्हणायचीस, निकाल नाही.

दोन वर्षांपूर्वी तुला धाप लागायला लागली. हृदयाच्या डॉक्टरांनी जिने बंद केले, आणि तुझी प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. तेव्हा मॅडमनी लॅपटॉप घरी पाठवला. फोटो क्लाऊडवर होतेच, ते कुठूनही दिसत होते. लग्नानंतर चोवीस वर्षांनी मी तुझं काम पहिल्यांदा बघितलं, आपल्या इंदिरानगरच्या जेवणाच्या टेबलावर. नाव नाही, गाव नाही, नुसता सांकेतिक क्रमांक आणि करड्या पडद्यावर सांडलेल्या काळ्या अळ्या. तू बोलायचीस, मी वहीत चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी मारायचो. "शेहेचाळीस. घ्या. शेहेचाळीस. घ्या. ही राहू द्या, हिच्यात दोन जण एकमेकांवर झोपलेत." सकाळी माझी पाळी नसेल तेव्हा नऊ ते अकरा आपण असे बसायचो. भाजी चिरायची राहायची आणि मग मिसळ आणावी लागायची. तुझ्या आजारपणातले महिने सुखाचे होते असं कुणाला सांगितलं तर लोक मला वेडा म्हणतील, म्हणून फक्त तुला सांगतो.

दशरथ आपल्याकडे मार्चमध्ये आला, तोही सकाळीच. द्राक्षांची पेटी खांद्यावर. तुझ्या निफाडचा, तुझ्या माहेरच्या गल्लीतला. तू त्याला ओळखलं नाहीस. त्यानेच सांगितलं, "ताई, मी सोनवण्यांचा दशरथ. तुमच्या मागल्या दारी आमची विहीर व्हती." मग तुझा चेहरा फुलला आणि लगेच मिटला, कारण तो पुढे म्हणाला की तो पाइपांच्या वेल्डिंगचे एक्स-रे काढतो.

त्याची हकिगत मी तेव्हा ऐकली तशी इथे लिहितो, कारण सगळं तिच्यावर आहे. जानेवारीतली सकाळ, कडाक्याची थंडी, अंगात जाड जॅकेट. किरण किती लागले ते नोंदवणारा बॅज जॅकेटच्या खिशावर लावलेला. अकरा वाजता ऊन तापलं तसं त्याने जॅकेट काढलं आणि समोर आलेल्या पाइपाच्या तोंडाला अडकवलं. त्याच पाइपाचे तीन एक्स-रे निघाले. तो स्वतः लांब, धोक्याच्या दोरीच्या बाहेर होता. जॅकेट आणि बॅज मात्र सोर्सच्या, म्हणजे किरण सोडणाऱ्या गोळीच्या, पुढ्यात. बॅज तपासून आला तेव्हा त्यावर एवढे किरण निघाले की कंपनीने त्याला त्याच दिवशी सोर्सच्या कामावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. साईटभत्ता बंद.

"सोळा वर्षं झाली ह्या कामाला, ताई. कुणी इस्वास ठेवंना. सायेब म्हणतो, जॅकेट खुंटीला सोडून पाइपाला कोण अडकवतं?"

"तू का अडकवलंस?" तू विचारलंस.

"खुंटी लांब व्हती."

मला हसू आलं. तू हसली नाहीस. म्हणालीस, "दशरथ, तुझं रक्त आमच्याकडे आलं असेल तर मी तुझ्याशी हे बोलणंही बरोबर नाही. चहा घे. पेटी परत ने."

"पोरांसाठी म्हणून ठिवा की."

"आमची पोरं बंगळुरूला आहेत. पेटी घेऊन जा."

त्याने चहा घेतला आणि पेटी घेऊन गेला. तू ती खिडकीतून फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत होतीस. तुला काळी द्राक्षं किती आवडायची ते मला माहीत होतं.

पुढच्याच आठवड्यात तो नमुना लॅपटॉपवर आला. क्रमांकच होता, पण त्या महिन्यात एक्स-रेवाल्याचा नमुना एकच होता, त्यामुळे क्रमांकाचा उपयोग राहिला नव्हता. तुमच्याकडे मोजणाऱ्या दोघीच, आणि दुसरी बाळंतपणाच्या रजेवर. संगणकाने हजार पेशी बघून दहांवर खूण केली होती. तू दहाही बघितल्यास. दोन घेतल्यास, आठ सोडल्यास.

मी वही खाली ठेवली. बॅजवर जेवढे किरण दिसत होते तेवढे खरंच अंगाला लागले असते तर हजारात दहाच्या आसपास निघायला हवीत, हे तूच मला एकदा आलेख दाखवून शिकवलं होतंस. बॅज एक यंत्र, संगणक दुसरं यंत्र. दोघांची एकमेकांशी ओळख नाही आणि दोघं एकच सांगतायत.

"ही दोन यंत्रं जुळतायत आणि तू एकटी वेगळं म्हणतेयस," मी म्हणालो.

"आठही जागी पंचेचाळीस भरतायत. तुकडा नाही. तुम्हीच मोजा."

मी मोजली. सात ठिकाणी तू म्हणालीस तसंच होतं. पण सात नंबरच्या पेशीत, अगदी कडेला, मला एक फिकट ठिपका दिसत होता.

"हा तुकडा."

"तो रंगाचा डाग आहे."

"डाग एवढा सरळ कसा?"

"अहो, मी पंचवीस वर्षं डाग बघतेय."

मग मी ते बोललो. आमच्या कारखान्यात नियम आहे, पुरवठादार ओळखीचा असेल तर त्याचा माल आपण पास करायचा नाही. मी म्हणालो, "तू पेशी सोडत नाहीयेस, वसू. तू गावचा माणूस सोडतेयस. आणि खरंच लागले असतील ना त्याला, तर तुझ्या सहीवर तो परत सोर्सपाशी उभा राहील."

लॅपटॉप मिटलास, शाल सारखी केलीस आणि म्हणालीस, "वरण लावते." त्यानंतर आपण टेबलावर मोजायला बसलो, पण सात नंबर आपण पुन्हा काढला नाही. मला वाटलं, तू माझं म्हणणं झाडून टाकलंस आणि दोनचा आकडा सही करून पाठवलास.

पाठवला असतास तर दशरथ एप्रिलमध्ये कामावर असता. तो मला जूनमध्ये अंबडला रस्त्यात भेटला. अजून स्टोअरमध्येच. "दाजी, ताईकडचा रिपोर्ट काय येईना," म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि तुझं नाव होतं. घरी येऊन मी तुला विचारलं की का रखडलंय. "दुसरीकडे पाठवलाय," एवढंच तू म्हणालीस. मला वाटलं सरकारी दिरंगाई. गल्लीतल्या माणसाने तुझ्याबद्दल वाकडं बोलायला लागावं आणि तू वरणाला फोडणी देत राहावंस, याचं मला नवल वाटलं. विचारायला हवं होतं. ऑगस्टमध्ये तुझं बोलणंच कमी झालं, बोलताना दम लागायचा, आणि मग कोणता विषय काढायचा आणि कोणता नाही हे मी तुझ्या श्वासावरून ठरवायला लागलो. हा विषय राहिला.

आता मंगळवार.

मॅडमनी फाईल उघडली आणि दशरथला विचारून तुझी मार्चमधली टीप वाचून दाखवली. अक्षर तुझं, वेलांट्या उजवीकडे पडलेल्या. मी ती उतरवून घेतली आहे:

"हा नमुना कुणाचा आहे ते मला कळलं आहे. व्यक्ती माझ्या माहेरच्या गावची आहे आणि माझ्या घरी येऊन गेली आहे. माझी मोजणी अंतिम धरू नये. नमुना न ओळखणाऱ्या दोन वाचकांकडून, जास्त पेशींवर, नव्याने वाचन व्हावं. सात क्रमांकाच्या पेशीबद्दल एका व्यक्तीने शंका घेतली आहे. त्या व्यक्तीला मोजणीचा तीस वर्षांचा अनुभव आहे, गुणसूत्रांचा नाही. तरी शंका नोंदवून घ्यावी."

मॅडम म्हणाल्या, "ती व्यक्ती कोण ते मी विचारलं नाही, भालेराव." आणि चष्मा पुसत बसल्या.

म्हणजे मी टेबलावर बोललो त्याच दिवशी तू हे लिहिलंस. तारीख बघितली. वरण लावलंस, जेवायला वाढलंस, आणि दुपारी मी कामावर गेल्यावर लिहिलंस. उरलेल्या स्लाइडचे नवे फोटो निघाले, संगणकाला त्यांना पाऊण तास लागला. माणसांना सात महिने. दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतला एक वाचक, आणि रजेवरून परत आलेली तुमची ती मुलगी. दोघांनी वेगवेगळं बसून, क्रमांकाशिवाय काही न कळता वाचलं.

आता आकडा. तीन हजार एकशे चाळीस पेशींत संगणकाच्या खुणा तेवीस. दोन्ही वाचकांनी घेतलेल्या पाच. दोघांच्या त्याच पाच. किरणांजवळ कधीच न गेलेल्या माणसाच्या एवढ्या पेशींत तीनेक निघतातच. पाच निघणं त्यातच बसतं, असं मॅडमनी लिहून दिलं. बॅज म्हणतो ते खरं असतं तर तीसच्या वर गेल्या असत्या. जॅकेटला लागले, माणसाला नाही. खुंटी लांबच होती, वसू.

त्या पाचांत तुझ्या दोन्ही आहेत. आणि सात नंबर आहे. तो ठिपका डाग नव्हता, तुकडा होता. दोघांनीही शेहेचाळीस मोजली.

हे ऐकलं तेव्हा मला काय वाटलं ते तुला खरं सांगतो. आधी अर्धा क्षण बरं वाटलं. आयुष्यात एकदा मी तुला तुझ्या कामात पकडलं होतं. मग रिकाम्या खुर्चीकडे नजर गेली आणि ते सांगायला कुणी नव्हतं. तू असतीस तर फोटो मोठा करून पंधरा मिनिटं बघितला असतास आणि म्हणाली असतीस, "बरं. घ्या." त्या आवाजासाठी मी सात नंबर चुकीचा ठरलेलाही चालवून घेतला असता.

दशरथ कागद हातात घेऊन तसाच बसला होता. म्हणाला, "ताईंनी मार्चातच सही मारली असती तर मी कवाच सायटीवर गेलो असतो."

"हो," मी म्हणालो. "माझ्यामुळे थांबली ती."

मग त्या दोघांसमोर मी सांगितलं. की मी तिला म्हणालो होतो, तू गावचा माणूस सोडतेयस. की ते बोलणं चुकीचं होतं, आणि ते मी तिच्यापाशी कधी मागे घेतलं नाही. मी बोलत असताना मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. दशरथ मात्र माझ्याकडे बघत होता.

"राग आला व्हता मला ताईचा," तो म्हणाला. "लय आला व्हता. गावात बोललो पण मी, की शिकली अन् माणसं विसरली." कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "पण दाजी, त्यांनी तवाच पास केलं असतं तर माझी बायको काय म्हनली असती म्हाईते? म्हनली असती, ताईनं सांभाळून घेतलं, खरं काय ते देवाला ठाऊक. आता ती असं नाय म्हननार. दोन परक्या मान्सांनी मोजलंय." मग कागद खिशात ठेवत म्हणाला, "गावात मी आता दुसरं बोलतो."

जिना उतरताना तुझी पिशवी त्याने माझ्याकडून घेतली. मी दिली. खाली आल्यावर त्याने विचारलं, ताई शेवटी फार त्रासात होत्या का? मी सांगितलं, श्वासाचा त्रास होता, डोक्याने लख्ख होती. शेवटच्या आठवड्यातही एका नमुन्याच्या चाळीस पेशी बघितल्या. हे बरोबर आहे ना, वसू? घरी येऊन मी वहीत पाहिलं, एक्केचाळीस होत्या. पुढच्या वेळी त्याला नीट सांगेन.

प्रमाणपत्र बुधवारी कंपनीत पोहोचलं. गुरुवारी दशरथला नवा बॅज मिळाला आणि तो सिन्नरच्या साईटवर गेला. शनिवारी कंपनीने सात महिन्यांचा अडकलेला साईटभत्ता, महिना साडेसहा हजारप्रमाणे पंचेचाळीस हजार पाचशे रुपये, दशरथ सोनवणे याच्या खात्यात जमा केला.